चित्रतपस्वी आबालाल रहिमान

कोल्हापूरची ख्याती कुस्तीइतकीच चित्रकलेसाठीही आहे. या नगरीच्या चित्रपरंपरेतील आद्य निसर्गचित्रकारांत आबालाल रहिमान यांचे नाव आदराने घेतले जाते.

आबालाल यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात झाले. १८५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पाश्चात्त्य चित्रणपद्धतीचे धडे दिले जात. शिक्षण संपल्यावर मुंबईत राहून नावलौकिक मिळवणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांचे गुण हेरून त्यांना दरबारी चित्रकार नेमले.

जलरंग आणि तैलरंग ही दोन्ही माध्यमे आबालाल यांना अवगत होती. तरीही त्यांचे मन खऱ्या अर्थाने रमले ते निसर्गात. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ ही नित्याच्या परिचयाची स्थळे त्यांनी पुनःपुन्हा रंगवली. स्थळ तेच असले, तरी पहाटेचे धुके, दुपारचे ऊन आणि सायंकाळची सोनेरी आभा यांमुळे त्याचे रूप पालटत असते, हे त्यांनी जाणले होते.

सपाट पृष्ठभागावर दूरवरचा देखावा उभा करणे, ही निसर्गचित्रकाराची कसोटी असते. जवळचे झाड गडद व रेखीव दिसते. दूरच्या डोंगरावर मात्र हवा, धूळ आणि बाष्प यांचा जणू पडदा पडतो. म्हणून तो फिकट, निळसर आणि पुसट भासतो. सतराव्या शतकात युरोपातील क्लोद लोरँ या चित्रकाराने तैलरंगांत हाच परिणाम साधला होता. तैलरंग सावकाश वाळतात, त्यामुळे एक छटा दुसरीत अलगद मिसळता येते. जलरंगांत ही सवड नसते. तेथे हात जलद व अचूक चालावा लागतो. आबालाल यांच्या निसर्गचित्रांत पाण्यावरचा प्रकाश आणि भोवतालची हवा जिवंत झाली, ती अशा दीर्घ साधनेमुळे.

१९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. आश्रयदाता आणि जाणकार रसिक गेल्याने आबालाल खचले. त्या दुःखावेगात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे सांगितले जाते. १९३१ साली त्यांची जीवनयात्रा संपली.

त्यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात जतन केलेली आहेत. रोज दिसणारे तळेही नव्या दृष्टीने पाहता येते, याची साक्ष ती देतात. जे गेले त्याची हळहळ वाटते. जे उरले आहे, ते जपणे हे आपले कर्तव्य आहे.