बटाट्यातलं प्रथिन शोधणाऱ्या कमला सोहोनी



आमच्या राजारामपुरीत मेडिकल दुकानात साखर तपासायचं छोटं यंत्र मिळतं. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला की आकडा दिसतो. पट्टीवरचं एन्झाइम साखरेकडून इलेक्ट्रॉन घेतं, त्यातून अगदी थोडी वीज वाहते आणि यंत्र ती मोजतं. साखरेप्रमाणे आजाराची खूण असणारी प्रथिनंही विजेच्या मदतीने ओळखता यावीत, यासाठी आज संशोधन चालू आहे. मुलांना हे शिकवताना मी कमला सोहोनी यांची गोष्ट आधी सांगते.

कमलाताई माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. १९३३ मध्ये मुंबईत बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला! कमलाताई गप्प बसल्या नाहीत. बंगळुरू गाठून त्यांनी जाब विचारला. प्रवेश मिळाला, पण एक वर्ष काम बघून मग ठरवू या अटीवर. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर त्यांनी इतकं चांगलं काम केलं, की पुढे इतर मुलींनाही तिथे प्रवेश मिळू लागला. तो अपमान मात्र त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या.

नंतर त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. हे प्रथिन करतं काय? एकाकडून इलेक्ट्रॉन घेतं, पुढच्याला देतं. पेशीचं श्वसन अशा साखळीवर चालतं.

पुढे १९७७ मध्ये हेच प्रथिन इलेक्ट्रोडशी थेट इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करतं, हे परदेशातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पेशी मरताना ते बाहेर पडतं, म्हणून पेशींना इजा झाल्याची ती एक खूण मानतात. अशी प्रथिनं रक्तात फार थोडी असतात. म्हणून इलेक्ट्रोडवर सोन्याचे नॅनोकण बसवतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. कण इतके बारीक असले की एकूण पृष्ठभाग वाढतो आणि प्रथिन पकडणाऱ्या प्रतिपिंडांना जास्त जागा मिळते. प्रथिन पकडलं गेलं की विजेत फरक पडतो.

कमलाताई भारतात परतल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थी घडवले, नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं आणि पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

वर्गात एक खेळ घ्या. मुलांना रांगेत उभं करून चेंडू हातोहात पुढे द्यायला सांगा. चेंडू म्हणजे इलेक्ट्रॉन. मधल्या एकाला बाजूला काढून त्याची जागा रिकामी ठेवा, साखळी तुटते. मुलांना लगेच कळतं. आणि पालकहो, घरातल्या मुलीने विज्ञान शाखा मागितली तर तिला कमलाताईंसारखा जाब विचारायची वेळ आणू नका.