लोककवी वामनदादा कर्डक : जीवन आणि गाणी

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की आपल्या विहारात संध्याकाळच्या वंदनेनंतर गाण्यांची तालीम सुरू होते. पेटी निघते, ढोलकी कसली जाते, लेकरं पुढे येऊन बसतात. मागच्या वर्षी आम्ही सहज विचारलं, की बाळांनो, हे गाणं कोणाचं? एकानं ज्या गायकाच्या आवाजात ऐकलं त्याचं नाव सांगितलं. दुसरी पोरगी म्हणाली की हे जुनंच आहे, कोणाचंच नाही. गाणं वामनदादांचं होतं. घराघरात ज्याची गाणी पाठ, त्याचं नावच लेकरांना माहीत नसावं, ही गोष्ट आमच्या मनाला लागली. म्हणून या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत वामनदादांची ओळख करून देत आहोत.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या खेड्यात झाला. आईचं नाव सईबाई. वडील जंगलातल्या लाकडाचा कोळसा पाडून विकत. वामन गुरांमागे फिरला, रानात राबला, तमाशा आणि लेझीम यांच्या नादी लागला, पण शाळेत काही गेला नाही. पुढे पोटासाठी मायलेक मुंबईला आले. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले. वामनदादांनी गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत हमाली केली, चिक्की आणि आइसफ्रूट विकलं. आपल्या एम्प्रेस मिलमध्ये आणि मॉडेल मिलमध्ये ज्यांनी हाडं झिजवली, त्यांच्या घरच्यांना हे जिणं वेगळं सांगायला नको.

त्याच चाळीत ते समता सैनिक दलात गेले. मुलांना कवायत शिकवू लागले. एके दिवशी एक माणूस पत्र घेऊन आला आणि वाचून द्या म्हणाला. दलात शिकवणारा माणूस म्हणजे याला वाचता येणारच, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असावं. वामनदादांना एक अक्षर येत नव्हतं. त्या दिवशी त्यांना रडू कोसळलं. विशीतला धडधाकट गडी कागद हातात घेऊन रडतो, हे चित्र आम्हाला त्यांच्या साऱ्या सत्कारांपेक्षा मोठं वाटतं. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरं शिकवली. पुढचा अभ्यास रस्त्यावर झाला. दुकानांच्या पाट्या वाचायच्या, अडलं तर विचारायचं. जणू कोणी सीताबर्डीच्या पाट्यांवर बाराखडी गिरवावी!

सिनेमात काम करावं असंही त्यांच्या डोक्यात होतं. स्टुडिओंच्या दारात उभे राहिले, पण तिथे काही जमलं नाही. जमलं ते गाणं. ३ मे १९४३ रोजी त्यांनी एका हिंदी सिनेगीताचं विडंबन करून लोकांपुढे म्हटलं. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि आपल्यालाही गाणं रचता येतं हे त्यांना कळलं. मुंबईतच त्यांनी प. पू. बाबासाहेबांना पाहिलं, त्यांची भाषणं ऐकली. तिथून पुढे गाण्याचा विषय शोधावा लागला नाही.

इथे एक घोटाळा दूर करतो. बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा एक जलसा मानला, असं जे सांगितलं जातं, ते भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल. भीमराव वेगळे, वामनदादा वेगळे. दोघेही नाशिककडचे, आडनाव एकच, म्हणून आपल्यातले जाणते लोकही चुकतात. जलशांची पिढी आधीची. आपल्या नागपुरात तर त्याच्याही आधी मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे गाण्यांतून आणि छापखान्यातून समाजाला जागं करत होते. वामनदादा या वाटेवर नंतर आले आणि खूप लांबवर चालत गेले.

घरची कथा मात्र दुःखाची. पहिला संसार मोडला. मीरा नावाची लहानगी मुलगी होती, तीही आजारात गेली. पुढे शांताबाईंशी लग्न झालं, मूल झालं नाही, मुलगा दत्तक घेतला. गाण्यापायी महिनोन् महिने घराबाहेर असलेल्या माणसाचा संसार शांताबाईंनी कसा ओढला असेल, हे आपल्या आयाबायांनी ओळखावं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला इथे दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि दोन महिने व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. लाखो माणसांनी जुने देव सोडले होते. पण मग लग्नात काय गायचं, बारशाला काय म्हणायचं, रात्रीच्या जागरणाला काय? जुन्या ओव्या आणि भजनं देवादिकांची. धम्माची पुस्तकं होती, पण वाचता येणारे किती? ही मोठी पोकळी वामनदादांच्या गाण्यांनी भरली. बुद्ध, कबीर, फुले, बाबासाहेब, माता रमाई हे सगळे त्यांच्या गाण्यांतून निरक्षर माउलीच्या तोंडी बसले. कधी लोकगीताची चाल, कधी कव्वालीची, कधी सिनेमाची. पुढे गझलही लिहिली. एकदा ऐकलं की दुसऱ्या वेळेला झील धरता यावी, अशी बांधणी. भाकरी, महागाई, फितूर पुढारी, नामांतराचा लढा, सगळं त्यात आलं. आपल्याच माणसांना त्यांनी जे खडे बोल सुनावले, ते ऐकून सभेतले पुढारी खाली पाहत.

एस.टी.नं, रेल्वेनं, नाहीतर पायी ते खेडोपाडी गेले. जी मिळेल ती बिदागी. गाण्यांचा आकडा दहा हजारांवर सांगितला जातो. पुस्तकांत त्यातला थोडाच भाग आला : 'वाटचाल' (१९७३), 'मोहोळ' (१९७६), 'हे गीत वामनाचे' (१९७७) आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' (१९९६). बाकीची वह्यांत, शिष्यांच्या गळ्यात आणि दीक्षाभूमीबाहेर विकल्या जाणाऱ्या छोट्या पुस्तिकांत विखुरली. १९९३ साली आपल्या शेजारी वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष वामनदादा होते. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस शिकल्या-सवरल्यांच्या संमेलनात अध्यक्ष! १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

आता आमच्या तालमीकडे येतो. संत कबीर जसे शेवटी आपलं नाव घालतात, तसं वामनदादाही शेवटच्या कडव्यात 'वामन' म्हणून नाव गुंफतात. पण कॅसेटमध्ये जागा कमी, म्हणून दोन कडव्यांवर गाणं आटोपायची सवय पडली. शेवटचं कडवं गळालं आणि त्याच्याबरोबर नावही गळालं. आमच्या विहाराच्या जुन्या गीतपुस्तिकेतही ती गाणी अशीच, तोडून आणि बिननावाची छापली गेली होती. ही चूक आमची. यंदाच्या पुस्तिकेत शेवटची कडवी परत घातली आहेत, प्रत्येक गाण्याखाली नाव दिलं आहे. लेकरं ती पाठ करून राहिली आहेत. पेटीवाले दादा म्हणतात, गाणं लांबते. लांबू द्या.