लंडनच्या चर्चमधला एक फोन आणि खचलेल्यांचं ऐकून घेणारे चॅड व्हारा

दहावी-बारावीच्या निकालानंतरची एखादी वाईट बातमी असो, नाहीतर कर्जानं पिचलेल्या शेतकऱ्याची, बातमीच्या खाली हल्ली एक चौकट असते. मनात टोकाचे विचार येत असतील तर या नंबरवर फोन करा, असं त्यात लिहिलेलं असतं. आपण ती चौकट बघतो आणि पुढे स्क्रोल करतो.

पण फोनच्या पलीकडे एक अनोळखी माणूस बसवायचा, त्यानं उपदेश करायचा नाही, नाव विचारायचं नाही, फक्त समोरच्याचं ऐकून घ्यायचं, ही कल्पना आली कुठून?

तिचा माग काढत गेलं की आपण लंडनच्या एका जुन्या चर्चमध्ये पोहोचतो. तिथं चॅड व्हारा नावाचे एक धर्मगुरू होते. १९५३ साली त्यांनी एका फोनवर हे काम सुरू केलं आणि त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली.

या माणसाचं आयुष्य सरळ रेषेत गेलेलं नाही. त्यात मासिक पाळी आहे, मुलांची कॉमिक्स आहेत, चहाचे कप आहेत आणि म्हातारपणी आपल्याच संस्थेशी झालेला खटकासुद्धा आहे.

नऊ भावंडांत थोरले

एडवर्ड चॅड व्हारा यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९११ चा. गाव बार्टन-अपॉन-हंबर, इंग्लंडच्या लिंकनशायरमधलं. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. नऊ भावंडांत चॅड सगळ्यात थोरले.

घरात धर्माचं वातावरण असलं तरी मुलाला वडिलांच्या वाटेनं जायची फारशी हौस नव्हती. ऑक्सफर्डच्या केबल कॉलेजात त्यांनी सुरुवातीला विज्ञान घेतलं, मग ते सोडून तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राकडे वळले. शेवटी लिंकनच्या धर्मशिक्षण महाविद्यालयात दाखल झाले आणि १९३५ मध्ये लिंकनच्याच सेंट जाइल्स चर्चमध्ये सहायक धर्मगुरू म्हणून रुजू झाले. वय जेमतेम २३.

एका मुलीचा अंत्यविधी

नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांच्यावर एका मुलीच्या अंत्यविधीची जबाबदारी आली. मुलगी १३-१४ वर्षांची. तिनं आत्महत्या केली होती.

कारण समजलं तेव्हा व्हारा हादरून गेले. तिला पहिल्यांदा पाळी आली होती. पाळी म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला काहीतरी लाजिरवाणा गुप्तरोग झालाय, असं तिला वाटलं. विचारायची सोय नव्हती. आई, शिक्षिका, मैत्रीण, कुणाकडेच तिला तोंड उघडता आलं नाही.

व्हारा पुढे आयुष्यभर ही गोष्ट सांगत राहिले. एखाद्या जाणत्या माणसाशी मोकळेपणानं दहा मिनिटं बोलता आलं असतं, तर ती मुलगी वाचली असती, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं.

मग त्यांनी काय केलं? तरुण मुलामुलींना लैंगिक शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात एका अविवाहित धर्मगुरूनं हा विषय काढणं म्हणजे गावभर चर्चा. लोकांनी नावं ठेवली. पण लग्न ठरलेली जोडपी आणि शाळकरी मुलं त्यांच्याकडे येत राहिली. चारचौघांत बोलता येत नाही ते यांच्यापाशी बोलता येतं, ही ख्याती हळूहळू पसरली.

धर्मगुरू आणि कॉमिक्सचे लेखक

१९४० मध्ये व्हारा यांचं सुझान यांच्याशी लग्न झालं. त्यांना पाच मुलं झाली, त्यातली तीन तिळी. धर्मगुरूच्या पगारात एवढं घर चालवणं अवघड. म्हणून ते लेखनाकडे वळले.

१९५० साली ब्रिटनमध्ये ‘ईगल’ हे मुलांचं कॉमिक साप्ताहिक सुरू झालं आणि तुफान गाजलं. व्हारा त्यासाठी आणि त्याच्याच ‘गर्ल’ या भावंडासाठी कथा लिहायचे. ‘ईगल’चा अंतराळवीर नायक डॅन डेअर मुलांमध्ये प्रचंड लोकप्रिय होता. त्या मालिकेला विज्ञानाच्या अंगानं सल्ला देणाऱ्यांत व्हाराही होते. म्हणजे रविवारी चर्चमध्ये प्रवचन आणि इतर दिवशी अंतराळयानाची चर्चा.

याच काळात ‘पिक्चर पोस्ट’ या खपाच्या साप्ताहिकात त्यांनी लैंगिक प्रश्नांवर एक लेख लिहिला. वाचकांची दोनशेहून जास्त पत्रं आली. त्यातली काही पत्रं वाचताना त्यांना जाणवलं की या माणसांचा प्रश्न फक्त लैंगिक अडचणींचा नाही. ती जगण्याला कंटाळली आहेत.

लंडन परिसरात दिवसाला सरासरी तीन आत्महत्या होतात, असंही त्यांच्या वाचनात आलं होतं. त्यांच्या मनात साधा प्रश्न आला. आग लागली किंवा चोर शिरला तर लंडनमध्ये ९९९ फिरवता येतो. जीव नकोसा झालेल्या माणसानं कुठला नंबर फिरवायचा?

नंबर आधीच मिळालेला होता

१९५३ मध्ये त्यांच्यासमोर सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चची जबाबदारी आली. हे चर्च लंडनच्या बँका आणि कचेऱ्यांच्या भागात, मॅन्शन हाऊसला अगदी लागून. सेंट पॉल कॅथेड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेन यांनीच ते १७ व्या शतकात बांधलेलं. आसपास वस्ती फारशी नाही, त्यामुळे लग्नं, बारशी, घरभेटी असली कामं कमी. व्हारा यांना हवा तो वेळ इथं मिळणार होता. आपल्याला काय करायचंय हे त्यांनी नेमणूक करणाऱ्यांना आधीच सांगितलं आणि त्यांनी होकार दिला.

आता लक्षात राहील असा फोन नंबर हवा होता. मॅन्शन हाऊस एक्स्चेंजचा ९००० मिळाला तर बरं, असं त्यांच्या मनात होतं. चर्चमधल्या जुन्या फोनवरची धूळ पुसली तर त्यावर तोच नंबर होता, हा किस्सा ते नेहमी सांगायचे.

२ नोव्हेंबर १९५३ रोजी या फोनवर पहिला कॉल आला. सुरुवातीला फोन घेणारे दोघंच. स्वतः व्हारा आणि त्यांच्या सेक्रेटरी. महिनाभरात ‘डेली मिरर’नं बातमी छापली आणि मथळ्यात बायबलमधल्या ‘गुड समॅरिटन’ची आठवण काढली. रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची ती गोष्ट. तेच नाव संस्थेला चिकटलं.

चहा देणाऱ्यांनी काम करून टाकलं

बातमी आल्यावर फोन वाढले आणि लोक थेट चर्चमध्येही येऊ लागले. व्हारा एका वेळी एकालाच भेटू शकत. बाकीचे बाहेर बसून राहत. त्यांच्या सोबतीला आणि फोन उचलायला काही स्वयंसेवक पुढे आले. त्यात ना मानसोपचारतज्ज्ञ होते ना समुपदेशक. साधी माणसं. ती चहा करून द्यायची, शेजारी बसायची, बोलतील ते ऐकायची.

काही आठवड्यांतच व्हारा यांच्या लक्षात एक गंमत आली. बाहेर बसलेल्यांपैकी बरेच जण त्यांना न भेटताच घरी जायला लागले होते. चहाच्या कपासोबत मनातलं बोलून झालं की त्यांना साहेबांची गरजच उरत नव्हती.

दुसरा कुणी असता तर याचा अपमान वाटून घेतला असता. व्हारा यांनी उलटा विचार केला. आपण ज्याला मुख्य काम समजत होतो ते क्वचितच लागतं आणि खरं काम बाहेरच्या बाकावर चाललंय, हे त्यांनी मान्य केलं. २ फेब्रुवारी १९५४ रोजी त्यांनी फोन अधिकृतपणे स्वयंसेवकांच्या हवाली केला. स्वतःकडे स्वयंसेवकांची निवड, देखरेख आणि गुंतागुंतीची प्रकरणं एवढंच ठेवलं.

आज जगभरातल्या अनेक हेल्पलाईन ज्या पद्धतीनं चालतात, ती इथं ठरली. फोन करणाऱ्याचं बोलणं गुप्त राहील. त्याला धर्म सांगायचा नाही, शहाणपण शिकवायचं नाही. निर्णय त्याचा तोच घेईल. डॉक्टरची गरज दिसली तर तसं सुचवायचं. संस्था सुरू करणारा धर्मगुरू, पण फोनवर धर्मप्रचाराला सक्त मनाई. ज्याला उपदेशाची खोड आहे, त्याला स्वयंसेवक म्हणून व्हारा घेतच नसत.

तेव्हा हा गुन्हा होता

गुप्ततेचा आग्रह का, हे समजायला त्या काळचा कायदा बघावा लागतो. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. त्यातून वाचलेल्याला दवाखान्यातून थेट कोर्टात जावं लागू शकत होतं. अशा वेळी मनातलं सांगायचं तर नाव न विचारणारा माणूसच हवा. १९६१ च्या सुइसाइड अ‍ॅक्टनं हा गुन्हा कायद्यातून काढला.

आपल्याकडे हाच बदल व्हायला बराच वेळ लागला. भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगायचं. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नं असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि सरसकट शिक्षेचं ते कलम त्यात राहिलं नाही.

लंडनबाहेर आणि फोनबाहेर

१९५९ मध्ये एडिंबरात शाखा निघाली आणि मग शहरोशहरी शाखा होत गेल्या. १९७४ मध्ये देशोदेशीच्या अशा केंद्रांसाठी ‘बीफ्रेंडर्स इंटरनॅशनल’ स्थापन झाली आणि व्हारा तिचे अध्यक्ष झाले. भारतातही ही साखळी आली. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये चेन्नईत सुरू केलेली ‘स्नेहा’ याच परिवारातली. मुंबईत ‘समॅरिटन्स मुंबई’ नावानं स्वयंसेवकांची हेल्पलाईन आहे.

काम फोनपुरतंही राहिलं नाही. १९९१ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी तुरुंगात समॅरिटन्सनी कैद्यांनाच ऐकून घ्यायचं प्रशिक्षण दिलं. खचलेल्या कैद्याशी दुसरा कैदी बोलणार, अशी ही योजना पुढे ब्रिटनमधल्या इतर तुरुंगांत गेली. रेल्वे कर्मचाऱ्यांनाही शिकवलं जातं की फलाटावर कुणी हरवल्यासारखं उभं दिसलं तर जवळ जाऊन साधं काहीतरी विचारा.

पण याचा उपयोग होतो का?

हा प्रश्न संस्थेलाही चुकला नाही. १९६८ मधल्या एका अभ्यासात समॅरिटन्सची शाखा असलेल्या गावांमध्ये आत्महत्या कमी झाल्याचं दिसलं. पण १९७८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच तुलना जास्त काटेकोरपणे केली, तेव्हा तसा फरक सापडला नाही. ब्रिटनमध्ये त्या वर्षांत आत्महत्या खरोखर घटल्या होत्या, पण त्याच काळात घरगुती गॅस कमी विषारी झाला होता आणि अनेक संशोधक घट त्याच्याशी जोडतात.

म्हणजे हेल्पलाईन हा जादूचा उपाय नाही. डॉक्टर, औषधं, धोकादायक वस्तू सहज हाती न लागणं, घरच्यांची साथ, हे सगळं लागतंच. पण रात्री दोन वाजता दवाखाना बंद असतो, घरचे झोपलेले असतात, तेव्हा कुणीतरी फोन उचलतं. ती वेळ टळणं हेच अनेकदा पुरेसं मोठं असतं, कारण आत्महत्येचा तीव्र विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो.

शेवटपर्यंत वादात

व्हारा यांना संत वगैरे समजायचं कारण नाही. ते हट्टी होते. लैंगिक विषयांवरच्या ‘फोरम’ मासिकाला सल्ला देणं असो किंवा पुनर्जन्मावरचा विश्वास, चर्चमधल्या अनेकांना त्यांचं वागणं पटायचं नाही. त्यांनी आपल्या चर्चमध्ये शिल्पकार हेन्री मूर यांनी घडवलेली गोल दगडी वेदी आणली, तेव्हा प्रकरण धार्मिक न्यायालयात गेलं. निकाल वेदीच्या बाजूनं लागला आणि १९८७ पासून ती तिथं आहे. मुलींच्या जननेंद्रियांच्या विच्छेदनाविरुद्ध १९९२ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांनी पुरुषांची एक संघटना काढली.

२००३ मध्ये, पन्नास वर्षांनी, त्यांनी सेंट स्टीफन वॉलब्रुक सोडलं. पुढच्याच वर्षी आपल्या संस्थेवर उघड नाराजी व्यक्त केली. समॅरिटन्स आता सगळ्याच प्रकारच्या मानसिक त्रासाकडे वळली आहे आणि आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेला माणूस मागे पडतोय, असं त्यांना वाटत होतं. संस्थेचं म्हणणं वेगळं होतं. माणूस उंबरठ्यावर पोहोचायच्या आधीच त्याच्याशी बोललं पाहिजे. हा वाद आजही हेल्पलाईन चालवणाऱ्यांना पडतो.

८ नोव्हेंबर २००७ रोजी व्हारा यांचं निधन झालं. शहाण्णवाव्या वाढदिवसाला चार दिवस बाकी होते. ब्रिटनमध्ये आज समॅरिटन्सच्या दोनशेच्या आसपास शाखा आहेत आणि स्वयंसेवक हजारोंच्या संख्येनं आहेत. तो पहिला फोन सेंट स्टीफन वॉलब्रुकमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेला आहे.

आपल्याला काय करता येईल?

जवळचा माणूस गप्प झाला असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर त्याला थेट विचारा. आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. ऐकताना मध्ये तोडू नका, दुसऱ्यांची उदाहरणं देऊ नका, लगेच उपाय सांगायची घाई करू नका. धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या.

तुमच्या स्वतःच्या मनात असे विचार येत असतील तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या हेल्पलाईनवर १४४१६ ला फोन करा. ती २४ तास सुरू असते, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ फिरवा.