बेब झहारियस : एका खेळाडू बाईची जीवनकथा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नकारच दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. शिवाय आपल्याच जिल्ह्यातील चोंडीच्या अहिल्यादेवींविषयी किंवा सावित्रीबाईंविषयी माझ्यापेक्षा जाणत्या भगिनी लिहितीलच. म्हणून मी अशा एका बाईची निवड केली की जिचे नाव मिरजगावात फारसे कोणी ऐकले नसेल, पण जगात ती फार गाजलेली होती. तिचे नाव बेब झहारियस. ती गोल्फ खेळत असे. माझ्या मुलीने तिची हकीकत मोबाइलवर वाचून दाखवली आणि ती माझ्या मनातून जाईना. तसे का झाले ते पुढे सांगते.

तिचे माहेरचे नाव मिल्ड्रेड डिड्रिक्सन. जन्म ता. २६ जून १९११ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात पोर्ट आर्थर येथे झाला. आईबाप नॉर्वे देशातून पोट भरण्यासाठी आलेले. वडील सुतारकाम करीत. सात भावंडांत ही सहावी. घरची परिस्थिती बेताचीच, पण वडिलांनी परसात मुलांना व्यायामासाठी साधने उभी करून दिली होती. मुलगी म्हणून हिला त्यातून वगळले नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे सारे कुटुंब जवळच्या बोमॉन्ट गावी राहावयास गेले. बेबला शिवणाचीही आवड होती. एका जत्रेच्या प्रदर्शनात तिच्या शिवणाला बक्षीस मिळाले होते, आणि आपले खेळण्याचे कपडेही ती पुष्कळदा स्वतःच शिवी.

पुढे डल्लास शहरातील एका विमा कंपनीने तिला टायपिस्ट म्हणून नोकरी दिली, ती खरे तर आपल्या संघातून खेळावे म्हणून. १९३२ साली सर्व अमेरिकेतील स्त्रियांच्या मैदानी स्पर्धा झाल्या. कंपनीने संघ म्हणून एकट्या बेबला पाठवले. तिने एका दुपारी आठ स्पर्धांत भाग घेतला आणि एकटीने ३० गुण मिळवले. दुसऱ्या आलेल्या संघात २२ जणी होत्या, त्यांना मिळून २२ गुण मिळाले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये तिने भालाफेकीत आणि ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदके मिळवली व उंच उडीत रौप्यपदक मिळवले. स्त्रीला तीनच स्पर्धांत उतरता येईल असा नियम होता, नाहीतर आणखी मिळवली असती.

एवढे झाल्यावर कौतुकच झाले असे समजू नका. ही बाई आहे की पुरुष, हिने घरी बसावे, अशी कुचेष्टा वर्तमानपत्रांतून झाली. बेबचा स्वभावही गरीब नव्हता. ती बढाईखोर होती. सामन्याआधी इतर खेळाडूंना आज दुसरे कोण येणार म्हणून विचारून चिडवीत असे. त्यामुळे पुष्कळजणी तिच्यावर रुष्ट असत. चरित्र लिहिताना चांगले तेवढेच लिहू नये, म्हणून हेही लिहिले.

मग ती गोल्फकडे वळली. हा खेळ आपल्याकडे कोणी खेळत नाही, म्हणून थोडे सांगते. लहानपणी आपण गोट्या खेळताना जमिनीत गल करीत होतो, तशीच मोठ्या हिरव्या मैदानावर अठरा ठिकाणी गल केलेली असते. लांबून काठीने लहानसा कठीण चेंडू मारीत मारीत त्या गलीत घालावयाचा. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला. अठरा गली पुऱ्या करावयास पाचसहा किलोमीटरहून अधिक चालावे लागते. बेब दिवसाला शेकडो चेंडू मारून सराव करी, हाताला फोड येऊन रक्त निघाले तरी पट्टी बांधून पुन्हा मारी.

१९३८ साली तिने जॉर्ज झहारियस या कुस्तीगिराशी लग्न केले. १९४७ साली स्कॉटलंडमध्ये ब्रिटिश स्त्रियांची हौशी स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन बाई ठरली. अमेरिकेतील स्त्रियांची सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे यू. एस. विमेन्स ओपन. ती १९४६ साली सुरू झाली. बेबने ती १९४८ आणि १९५० साली जिंकली. १९५० सालीच तिने व इतर बारा जणींनी मिळून व्यावसायिक स्त्री खेळाडूंची संघटना उभी केली. तेरा बायकांनी आपल्या हिमतीवर काढलेली ही संस्था आजही चालू आहे. आपल्या मंडळाने हे ध्यानात ठेवावे.

१९५३ साली बेबला फार थकवा वाटू लागला. तपासणीत आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर निघाला. ता. १७ एप्रिल रोजी बोमॉन्टला शस्त्रक्रिया झाली. तो भाग काढून पोटावर छिद्र करण्यात आले, आणि शौचासाठी तेथे कायमची पिशवी आली. रोग पुढे पसरला आहे हे डॉक्टरांनी नवऱ्याला व जवळच्या मैत्रिणीला सांगितले, पण बेबपासून लपवून ठेवले. आता ही पुन्हा खेळणार नाही, असेच लोक धरून चालले होते. पण साडेतीन महिन्यांत ती मैदानावर हजर झाली.

१९५४ च्या जुलै महिन्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील पीबडी येथे ओपन स्पर्धा झाली. तीन दिवसांचा खेळ, त्यात शेवटच्या दिवशी दोन फेऱ्या, म्हणजे छत्तीस गली. पोटावर पिशवी बांधून बेब ते सारे अंतर चालली आणि दुसरीपेक्षा बारा फटके कमी घेऊन जिंकली. बक्षीस होते २,००० डॉलर. २०२४ साली याच स्पर्धेत विजेतीला २४ लाख डॉलर मिळाले. १९५५ साली रोग उलटला. ता. २७ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी ती वारली.

पण मला तिचा विजय तितका मोठा वाटत नाही, जितके तिचे बोलणे मोठे वाटते. त्या काळी अमेरिकेतही कॅन्सरचे नाव लोक हळू आवाजात घेत. बेबने मात्र आपला आजार व शस्त्रक्रिया लपवली नाही. ती रुग्णांना भेटे, सभांतून बोले, लवकर तपासून घ्या म्हणून सांगे. कॅन्सरच्या उपचारासाठी तिने निधीही सुरू केला.

आता मी लिहिण्याचे कारण. माझ्या थोरल्या जाऊबाईंना शौचावाटे रक्त पडत होते. मूळव्याध असेल म्हणून आम्ही वर्षभर घरगुती औषधे केली. लाजेने त्यांनी कोणाला दाखवले नाही आणि मीही जोर केला नाही, हा माझा दोष. शेवटी शस्त्रक्रिया झाली. देवकृपेने आज त्यांची प्रकृती ठीक आहे, पण पोटावर पिशवी आहे. तेव्हापासून त्या हळदीकुंकवाला आल्या नाहीत, लग्नकार्याला गेल्या नाहीत. वास येईल, आवाज होईल, बायका काय म्हणतील, एवढीच त्यांना धास्ती.

बेबची हकीकत मी त्यांना सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग ती बाई चालताना पिशवी कशी बांधीत असे, एवढेच त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातील चांगले लुगडे काढून उन्हात टाकले. हे सारे त्यांची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

भगिनींनो, आपल्यापैकी कोणाला असा त्रास असेल तर मूळव्याध समजून बसू नका, डॉक्टरांकडे जा. सून लाजत असेल तर सासूने घेऊन जावे. आणि जाऊबाई या वर्धापनदिनाला येतील, तेव्हा त्यांना दाराजवळची जागा द्यावी, म्हणजे मध्येच उठावे लागले तरी अडचण होणार नाही. कोणी टक लावून पाहू नये, कीवही करू नये. नेहमीप्रमाणे वाण द्यावे आणि उखाणा घ्यावयास लावावे. त्यांचे उखाणे पूर्वी फार चांगले असत.

लिहिण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे. आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो.