तटावरची चांदबीबी आणि तहातली चांदबीबी

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना शहा डोंगरावर जी अष्टकोनी वास्तू दिसते, तिला लोक पिढ्यान्‌पिढ्या चांदबीबीचा महाल म्हणत आले आहेत. वस्तुतः ती सलाबतखानाची कबर आहे. चांदबीबीविषयी लोकमानसाने असे बरेच काही आपल्या सोयीने ठरवून टाकले आहे. हाती तलवार घेऊन भुईकोटाच्या तटावर उभी राहिलेली वीरांगना सर्वांना ठाऊक आहे. शत्रूशी वाटाघाटी करणारी मुत्सद्दी स्त्री मात्र विस्मरणात गेली. तिचा अंत झाला तो याच दुसऱ्या कामापायी.

हुसेन निजामशहाची ही कन्या 1550 साली जन्मली. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची एकजूट होत असता तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. त्या एकजुटीने 1565 साली विजयनगरचा पराभव केला. ज्या वयात मुलींनी माहेर सोडू नये त्या वयात ती दोन वैरी घराण्यांमधला दुवा बनली होती. फारसी, अरबी, तुर्की, मराठी व कानडी या भाषा तिला येत होत्या, असे सांगितले जाते. त्या काळच्या दख्खनी दरबारात ही हौस नव्हे, गरज होती. दख्खनी, हबशी आणि इराण-तुराणातून आलेले परदेशी अमीर यांचे पंथ, भाषा व हितसंबंध वेगळे होते. 1580 मध्ये अलीचा खून झाला, नऊ वर्षांचा इब्राहिम गादीवर आला, आणि कारभार पाहणाऱ्या चांदबीबीला किश्वरखानाने साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. स्वकीयांचा संशय म्हणजे काय, हे तिने तेथेच अनुभवले.

पुढे ती नगरला परतली. 1595 मध्ये निजामशाहीत वारसाचा तंटा पेटला. मियान मंजू या दख्खनी सरदाराने मोगल शहजादा मुराद यास मदतीस बोलाविले आणि मागाहून तो पस्तावला. त्या डिसेंबरात मुराद व खानखानान अब्दुर्रहीम यांनी किल्ल्यास वेढा घातला. चांदबीबीने बाल बहादूरशहाच्या नावाने किल्ला लढविला. सुरुंगाने तट उडाला तेव्हा ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभारली गेली. लोकांच्या स्मरणात राहिला तो हा प्रसंग.

परंतु किल्ला वाचला तो भिंतीइतकाच बोलण्याने. मुराद व खानखानान यांचे पटत नव्हते, विजापूरची कुमक येऊ घातली होती आणि धान्याची टंचाई दोन्हीकडे होती. समोरच्याची ही अडचण ओळखून चांदबीबीने 1596 मध्ये वऱ्हाड देऊ केले आणि बहादूरशहाची गादी मान्य करून घेतली. वऱ्हाड निजामशाहीत येऊन जेमतेम बावीस वर्षे झाली होती. राजधानीच्या मोबदल्यात हा सौदा तोट्याचा नव्हता.

मात्र तहाचा अर्थ दोन्ही पक्षांना एकच वाटत नव्हता. दख्खनी सुलतानांमध्ये किल्ले व परगणे वारंवार हात बदलीत. आज दिलेले उद्या परत घेता येई. मोगलांच्या लेखी तह हा बादशहाच्या अधीन होण्याचा आरंभ होता. वऱ्हाडची हद्द कोठे संपते यावरूनच वाद उपस्थित झाला. मोगलांनी पाथरीसारखी ठाणी घेतली आणि 1597 मध्ये गोदावरीकाठी आष्टीला पुन्हा लढाई झाली.

1600 साली शहजादा दानियाल नगरवर चालून आला. विजापूरची कुमक नव्हती, सरदारांमध्ये मेळ नव्हता. किल्ला सोपवून बालराजासह सुखरूप जुन्नरला जावे, असा चांदबीबीचा विचार झाला. राज्य राखण्यासाठी किल्ला सोडणे, हा हिशेब चुकीचा नव्हता. पण हमीदखानाने ती मोगलांना फितूर झाल्याची हाकाटी केली आणि खवळलेल्या जमावाने महालात घुसून तिला ठार केले. त्यानंतर किल्ला पडला आणि बहादूरशहा ग्वाल्हेरच्या बंदिवासात गेला. तिला जे टाळावयाचे होते, तेच तिच्या मृत्यूने घडले.

हे केवळ एका फितुरीच्या अफवेने झाले असे म्हणून भागणार नाही. दरबारची बोलणी पडद्याआड, वकिलांमार्फत आणि फारसी पत्रांतून चालत. तटावरच्या शिपायापर्यंत त्यातले पोहोचे ते कुजबुजीच्या रूपाने. शिवाय किल्ला लढवीत मरावे, हा धडा त्याने चार वर्षांपूर्वी खुद्द चांदबीबीकडूनच घेतला होता. तीच आता किल्ला सोडावयास निघाली, याचा अर्थ त्याच्या परंपरेत एकच होता. शत्रूची भाषा जाणणाऱ्या या स्त्रीला आपल्याच माणसांना त्यांच्या भाषेत हा बदल समजावून सांगण्यास अवधी मिळाला नाही.

आजही संपाच्या वाटाघाटी करून परतणारा कामगार पुढारी असो वा सीमातंट्यावर तडजोड सुचविणारा मंत्री, त्याला दोनदा बोलणी करावी लागतात: एकदा समोरच्यांशी आणि एकदा स्वकीयांशी. यांपैकी दुसरी बोलणी आपल्याकडे गृहीत धरली जातात. तडजोड करणाऱ्याला फितूर ठरविण्यापूर्वी त्याचा हिशेब ऐकून घेण्याची सवय समाजाला असावी लागते. ती सवय नसेल तेथे शहाणपणाचा तहदेखील अखेर करणाऱ्याच्याच जिवावर उठतो.