विजेला जमिनीची वाट दाखवणारा छापखानेवाला : बेंजामिन फ्रँकलिन

वळवाचे ढग दाटून आले की आपल्याकडे दोन बातम्या ठरलेल्या. एक, झाडाखाली बांधलेली जनावरं दगावल्याची. दुसरी, एकाच कडकडाटात वस्तीवरचे टीव्ही, फ्रीज, मोटरीचे स्टार्टर जळाल्याची. ही दुसरी बातमी चार ओळींत संपते, कारण माणसं वाचलेली असतात. ज्याच्या घरातलं सामान गेलं त्याला मात्र ती चार ओळींची वाटत नाही.

अशा वेळी घरात एक प्रश्न हमखास निघतो. वीज तर लांब माळावर पडली, मग आपला टीव्ही कसा काय गेला? या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात ज्या माणसाने केली तो ना इंजिनिअर होता ना वायरमन. तो छापखानेवाला होता आणि त्याची शाळा दहाव्या वर्षीच सुटली होती. नाव बेंजामिन फ्रँकलिन. अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवर पुढून टक्कल आणि मागे लांब केस असलेला माणूस दिसतो ना, तोच हा.

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, अमेरिकेतल्या बोस्टन गावातला. तेव्हा तिथे इंग्रजांचंच राज्य होतं. वडील चरबीपासून मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. दोन बायकांची मिळून १७ मुलं, त्यात बेंजामिन पंधरावा. एवढ्या खटल्यात शिक्षणाला पैसा कुठून येणार? दोन वर्षं शाळा झाली आणि पोरगं वडिलांच्या हाताखाली वाती कापायला लागलं. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. भाऊ तापट, मारायचाही. सतराव्या वर्षी बेंजामिन तिथून पळाला आणि फिलाडेल्फियाला पोहोचला तेव्हा खिशात जेमतेम चार पैसे होते.

पुढची पंचवीस वर्षं कष्टाची. स्वतःचा छापखाना टाकला, वर्तमानपत्र चालवलं, डेबोरा रीड यांच्याशी संसार मांडला. चार वर्षांचा एक मुलगा देवीच्या साथीत गेला. १७३२ पासून त्यांनी दरवर्षी एक पंचांग काढायला सुरुवात केली. तिथी, हवामान, भरती-ओहोटी आणि अधूनमधून चार शहाणपणाच्या गोष्टी. शेतकऱ्याच्या घरात दुसरं एखादं पुस्तक नसलं तरी हे पंचांग खुंटीला टांगलेलं असायचं. पंचांगाची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

बेचाळिसाव्या वर्षी, १७४८ साली, धंदा भागीदारावर सोपवून फ्रँकलिन मोकळे झाले. त्याआधीच त्यांना विजेचा नाद लागला होता. लंडनहून एका मित्राने काचेची नळी पाठवली होती. ती घासली की ठिणगी उडायची. लोकांना ती जादू वाटायची, फ्रँकलिन यांना तिच्यामागचं कारण हवं होतं. प्लस आणि मायनस हे विजेचे शब्द, जे आज आपला वायरमन रोज वापरतो, ते त्यांनी रूढ केले.

या नादापायी एकदा ते मरता मरता वाचले. डिसेंबर १७५० मध्ये वीज साठवलेल्या दोन मोठ्या बरण्यांचा झटका देऊन टर्की नावाचा पक्षी मारून दाखवायचा होता. बघे जमले होते, गप्पा चालल्या होत्या. लक्ष विचलित झालं आणि झटका पक्ष्याऐवजी फ्रँकलिन यांनाच बसला. शुद्ध हरपली, हात सुन्न पडले. नंतर त्यांनी पत्रातून हा प्रकार कळवला आणि स्वतःच्या मूर्खपणाची लाज वाटते असंही सांगून टाकलं.

त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होत होती. बरणीतली छोटी ठिणगी आणि आभाळातली ती महाभयंकर रेघ, दोन्ही एकच. आपल्या मराठीत तर दोन्हींना वीजच म्हणतात, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटत नाही. पण तेव्हा हे कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. उंच लोखंडी सळई उभी करून ढगातून ठिणगी काढता येईल, हा प्रयोग त्यांनी लिहून पाठवला. १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळच्या मार्ली गावात फ्रेंच लोकांनी तो करूनही दाखवला. तिकडची बातमी पोहोचण्याआधीच, त्याच वर्षी जूनच्या सुमाराला, फ्रँकलिन यांनी मुलगा विल्यमला बरोबर घेऊन पतंग उडवला.

ही पतंगाची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकली आहे आणि बहुतेकांनी चुकीची ऐकली आहे. पतंगावर वीज पडली नव्हती. पडली असती तर फ्रँकलिन तिथेच संपले असते. ढगातला भार ओल्या सुतळीवरून खाली किल्लीपर्यंत आला आणि किल्लीजवळ बोट नेल्यावर ठिणगी उडाली, एवढंच. ते स्वतः आडोशाला उभे होते आणि हातात कोरडी रेशमी फीत होती. तरीही तो मृत्यूशी खेळच होता. पोरांनो, मोबाईलवर व्हिडिओ करायला म्हणून कधीही असलं काही करू नका.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी आपल्या घराच्या धुराड्यावर सळई बसवली. छपरापासून आलेली तार जिन्यातून खाली उतरवली आणि खालचं टोक पाण्याच्या पंपाच्या लोखंडी दांड्याला जोडलं. जिन्यात, झोपायच्या खोलीच्या दारासमोर, तार मधेच तोडून सहा इंचांची फट ठेवली. दोन्ही टोकांना एकेक घंटा आणि मधे रेशमी दोऱ्याला पितळेची गोळी. ढग आले की घंटा आपोआप वाजायच्या. एका रात्री तर त्या फटीतून बोटाएवढी जाड प्रकाशाची धार वाहताना त्यांनी पाहिली आणि जिना लख्ख उजळला. पुढे ते लंडनला असताना घंटांच्या आवाजाने डेबोराबाई घाबरायच्या. दोन्ही घंटा तारेने जोडून टाक, म्हणजे वाजणार नाहीत, असं त्यांनी पत्राने कळवलं.

खरं सांगायचं तर यात डेबोराबाईंची भीती रास्त होती. विजेची तार घरातून, तीही मधे फट ठेवून नेणं म्हणजे शत्रूला ओसरीवर बसवण्यासारखं. आज अशी तार भिंतीच्या बाहेरून, कुठेही न तोडता, शक्य तितकी सरळ खाली नेतात.

ही फट किती महाग पडू शकते ते वर्षभरातच कळलं. १७५३ च्या ऑगस्टमध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात गेऑर्ग रिचमन नावाच्या शास्त्रज्ञाने छपरावर सळई लावून तार घरातल्या उपकरणापर्यंत आणली होती. त्यांना ढगातला भार मोजायचा होता, म्हणून तार जमिनीला जोडलेली नव्हती. वादळ आल्यावर ते उपकरणाजवळ वाकले आणि विजेचा लोळ थेट त्यांच्या कपाळावर आला. रिचमन जागीच गेले. शेजारी उभा असलेला चित्रकार वाचला. आपण ज्याला अर्थिंग म्हणतो, ते नसल्यामुळे गेलेला हा नावाजलेला बळी.

फ्रँकलिन यांनी जमिनीचा हा मुद्दा आधीच ओळखला होता. १७५३ च्या पंचांगात त्यांनी घर वाचवायची कृती छापली. खिळे बनवणाऱ्याकडे मिळते तसली साधी लोखंडी सळई घ्यायची. एक टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट, दुसरं घराच्या सगळ्यात उंच भागाच्या वर सहा-आठ फूट, आणि शेंड्याला फूटभर टोकदार पितळी तार. घर किंवा खळ्याचं कोठार लांब असेल तर दोन्ही टोकांना सळया आणि आढ्यावरून जोडणारी तार. मोठ्या ग्रंथात न छापता ती शेतकऱ्याच्या पंचांगात छापली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. गावातल्या लोहारालाही करता यावं अशी ती वस्तू होती.

विरोधही झाला. १७५५ मध्ये बोस्टनकडे भूकंप झाला तेव्हा एका धर्मगुरूने शंका काढली की या सळयांमुळेच जमिनीत वीज साठते. फ्रान्सच्या सेंट ओमेर गावात एकाने घरावर सळई लावली तर शेजारीपाजारी तक्रार घेऊन गेले आणि ती काढायचा हुकूम निघाला. खटला वर गेला आणि १७८३ मध्ये घरमालक जिंकला. त्याचा तरुण वकील होता रोबेस्पिएर, पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेला. फ्रँकलिन यांचाही एक अंदाज चुकला होता. टोकदार सळई ढगातली वीज हळूहळू शोषून घेईल आणि ती पडणारच नाही, असं त्यांना वाटायचं. तसं होत नाही. वीज पडतेच. सळई तिला फक्त सुरक्षित वाट देते. पण घर वाचायला तेवढं पुरतं.

आता आपल्या घराकडे या. फ्रँकलिन यांच्या काळी घरात लाईट नव्हती. छप्पर आणि माणसं वाचली की झालं. आज विजेला घरात शिरायला छप्पर फोडावं लागत नाही. लांब कुठे तारांवर किंवा डीपीजवळ वीज पडली तरी दाबाची लाट खांबावरच्या तारेतून मीटरपर्यंत येते. डिशची केबल ही तिची दुसरी वाट. माळावर पडलेल्या विजेने टीव्ही जातो तो असा. एमसीबी असून कसं जळालं, असं लोक विचारतात. एमसीबी शॉर्टसर्किट आणि जादा लोडसाठी असतो. ही लाट सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यांत येऊन जाते, तोवर तो हलतही नाही.

त्यासाठी मेन बोर्डात एसपीडी नावाचं वेगळं उपकरण बसवतात. ते जादा दाब जमिनीकडे वळवतं. पण जमिनीकडे जायला वाटच नसेल, म्हणजे अर्थिंग नुसतं नावाला असेल, तर ते काय करणार? गोम इथेच आहे. आपला वळीव येतो एप्रिल-मे महिन्यात, म्हणजे अर्थिंगचा खड्डा वर्षात सगळ्यात कोरडा असतो तेव्हा. फ्रँकलिन यांनी पंचांगात ओली जमीन म्हटलं होतं ते याचसाठी. उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहा आणि पावसाळ्याआधी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. छपरावर सळई बसवली असेल तर तिची आणि घराची अर्थिंग एकमेकांशी जोडलेली हवी. हे काम घरी करायचं नाही.

थेट घरावर वीज पडली तर एकटं एसपीडी पुरेल याची हमी नाही. म्हणून ढग दिसू लागताच प्लग काढा, डिशची केबल सोडा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र बोर्डाला, केबलला हात नको. मोटर बंद करायला शेतात पळूही नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर घेतलं तर जवळपास वीज पडण्याचा इशारा आधी मिळतो.

फ्रँकलिन पुढे राजकारणात गेले. १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे, १७८३ च्या इंग्रजांशी झालेल्या तहावरही आहे. घराकडे मात्र दुर्लक्ष झालं. डेबोराबाई १७७४ मध्ये गेल्या तेव्हा नवऱ्याची गाठ पडून दहा वर्षं झाली होती. पतंग उडवताना बरोबर असलेला विल्यम इंग्रजांच्या बाजूने राहिला आणि बापलेकांचं कायमचं तुटलं. त्यांनी घरी गुलामही ठेवले होते. म्हातारपणी गुलामगिरी बंद व्हावी म्हणून झटणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले. १७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी, ते गेले.

त्याआधी चारेक वर्षं फिलाडेल्फियातलं घर वाढवायचं निघालं आणि छपरावरची सळई उतरवावी लागली. मागे एकदा त्या घरावर वीज पडली होती. आग लागली असेल म्हणून शेजारी धावत आले, पण घराला काही झालं नव्हतं, माणसं फक्त आवाजाने घाबरली होती. सळई खाली आल्यावर म्हाताऱ्या फ्रँकलिन यांनी तिचा शेंडा बघितला. नऊ इंचांचं तांब्याचं टोक जवळजवळ सगळं वितळून गेलं होतं.