आधी व्यापारी, मग पहिली मुस्लिम: खदीजा यांच्या आयुष्यातून अरब स्त्रियांबद्दल काय कळतं?

जुन्या अरबस्तानातल्या बायकांचा विषय निघाला की दोन बाजू पडतात. एक बाजू सांगते की इस्लामच्या आधी तिथं मुलींना जिवंत पुरलं जायचं, इस्लामने बाईला हक्क दिले. दुसरी बाजू सांगते की उलट आधीच बायका जास्त मोकळ्या होत्या. आणि दोन्ही बाजूंचे लोक पुरावा म्हणून एकच नाव पुढे करतात, ते म्हणजे खदीजा बिंत खुवैलिद.

मोहम्मद पैगंबरांच्या पहिल्या पत्नी, एवढी त्यांची ओळख बहुतेकांना असते. पण हे लग्न झालं तेव्हा इस्लाम यायला अजून 15 वर्षं होती आणि मक्केत खदीजा यांचं स्वतःचं नाव होतं.

मक्का व्यापारावर जगायची

मक्केची जमीन खडकाळ, पाणी कमी, शेती जवळपास नाहीच. पैसा यायचा तो व्यापारातून आणि काबेच्या यात्रेतून. कुरैश टोळीचे उंटांचे तांडे हिवाळ्यात येमेनकडे आणि उन्हाळ्यात सीरियाकडे जायचे. खदीजा याच कुरैशांच्या बनू असद कुळातल्या. परंपरेनुसार त्यांचा जन्म इ.स. 555 च्या सुमारास झाला. बहुतेक सुन्नी चरित्रं सांगतात की त्यांची आधी दोन लग्नं झाली होती.

व्यापारासाठी त्या तांड्यासोबत जात नसत. विश्वासू माणूस निवडायचा, त्याच्या हाती माल सोपवायचा आणि नफ्यातला वाटा आधीच ठरवायचा, अशी ती पद्धत होती. थोडक्यात, भांडवल त्यांचं आणि प्रवासाची मेहनत दुसऱ्याची.

अशाच एका फेरीसाठी त्यांनी तरुण मोहम्मद यांना निवडलं. सोबत मैसरा नावाचा आपला गुलाम दिला. सीरियाचा सौदा चांगला झाला आणि मोहम्मद यांच्या प्रामाणिकपणाची खात्रीही पटली. मग खदीजा यांनी नफीसा नावाच्या मैत्रिणीमार्फत स्वतःच लग्नाचा विचार कळवला. साल साधारण 595. परंपरेनुसार मोहम्मद 25 वर्षांचे होते आणि त्या 40 च्या. काही नोंदींमध्ये त्यांचं वय 28 दिलेलं आहे.

मग सगळ्याच बायका अशा होत्या का?

नाही. आणि खरा मुद्दा इथंच आहे. त्या काळी अरबस्तानात सगळ्यांसाठी एक कायदा नव्हता. प्रत्येक टोळीची रीत वेगळी. काही ठिकाणी लग्नानंतरही बाई माहेरच्या टोळीतच राहायची. काही ठिकाणी बाप मेला की त्याच्या मालमत्तेसोबत त्याची विधवाही वारसाकडे जायची. नवजात मुलींना पुरण्याच्या प्रथेचा कुराणात निषेध आहे, म्हणजे ती प्रथा होती. पण ती सगळीकडे आणि सर्रास असती तर टोळ्या टिकल्याच नसत्या.

खदीजा यांच्याकडे पैसा होता आणि पाठीशी वजनदार कुळ होतं. त्यांना मिळालेलं स्वातंत्र्य यातून आलं होतं. गरीब घरातली बाई किंवा गुलाम बाई यांच्या वाट्याला ते येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट. या काळाची जी चरित्रं आपल्याकडे आहेत, ती दीड-दोनशे वर्षांनी मुस्लिम लेखकांनी लिहिलेली आहेत. त्यामुळे इस्लामपूर्व काळाचं चित्र त्यांच्या नजरेतूनच दिसतं.

610 नंतर

हिरा गुहेतल्या पहिल्या अनुभवानंतर मोहम्मद घाबरून घरी आले. त्यांना धीर दिला तो खदीजा यांनी. आपला चुलतभाऊ वरका इब्न नौफल याच्याकडे त्यांना नेलं तेही त्यांनीच. नव्या धर्मावर सगळ्यात आधी विश्वास ठेवणारी व्यक्ती एक बाई होती, यावर मुस्लिम परंपरेत एकमत आहे.

पुढे मक्केने मोहम्मद यांच्या कुळावर बहिष्कार टाकला. खरेदी-विक्री बंद, सोयरीक बंद. साधारण तीन वर्षं चाललेल्या या हालअपेष्टा खदीजा यांनीही सोसल्या. बहिष्कार उठल्यावर थोड्याच काळात, 619 मध्ये, त्यांचं मक्केत निधन झालं. सुमारे 24 वर्षांच्या या संसारात मोहम्मद यांनी दुसरं लग्न केलं नव्हतं.

कायदा त्यांच्यानंतर आला

ज्या नियमांवरून आज वाद होतात, ते बहुतेक मदिनेत आले, म्हणजे खदीजा गेल्यानंतर. 625 मध्ये उहुदच्या लढाईत साद इब्न रबी मारले गेले. परंपरा सांगते की त्यांची सगळी मालमत्ता त्यांच्या भावाने घेतली. विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे दाद मागायला गेली. निवाडा झाला तो असा: दोन तृतीयांश मुलींना, एक अष्टमांश विधवेला, उरलेलं दिराला.

मेहर बाईच्याच हाती द्यायचा, विधवेला वारसाहक्काने बळकवायचं नाही, बायका चारच्या वर करायच्या नाहीत, हेही नियम झाले. पण त्याच नियमांत मुलीचा वाटा भावाच्या निम्मा ठरला. पुरुषाला चार लग्नांची मुभा राहिली, आणि तलाक देणं त्याच्यासाठी जास्त सोपं राहिलं.

म्हणजे साद यांच्या विधवेला कायद्याने असा हक्क दिला, जो तिला टोळीने दिला नव्हता. खदीजा यांना मात्र तो कायदा यायच्या आधीच स्वतःचा व्यापार करता आला, नवरा निवडता आला. त्यामुळे इस्लामने बायकांना काय दिलं आणि काय घेतलं, असं कुणी विचारलं तर आधी एक उलटा प्रश्न विचारायला हवा: कोणत्या बाईला?